शमीमआपांच्या फाईलमधली सहावी ओळ

तक्रारदार : रंगनाथ लक्ष्मण खरात, वय वर्षे चोपन्न, शिक्षण आठवी उत्तीर्ण व नववी अपूर्ण, धंदा अर्जनवीस, मूळ हसनाबादेकडचा, हल्ली मुक्काम मस्तगड, जालना.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्या : शमीम बानो, वय वर्षे बेचाळीस, शिक्षण उर्दू शाळेत सातवी, धंदा शिवणकाम, राहणार मस्तगड.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते : आमच्या भागातल्या एका संगणक वर्गाचे व्यवस्थापक आणि त्यांनी बाहेरगावाहून बोलावलेले परीक्षक. नावे मुद्दाम देत नाही. वाचताना ज्यांचे कान तापतील त्यांनी ती आपली समजावीत. शिवाय खुद्द तक्रारदार. त्याचा खुलासा पुढे येईल.

साक्षीदार : एक, घुगे सर, त्या वर्गाचे शिक्षक. दोन, आसारामबापू, ज्यांची हयात अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेली.

तारीख : गेल्या वर्षीचा परीक्षांचा मोसम.

तारखेच्या रकान्यात मोसम चालत नाही, हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही. तारीख नसल्यामुळे परत आलेले अर्ज मी तीस वर्षे पुन्हा लिहून देत आलो आहे. तरीही मी मोसमच लिहितो, कारण तारीख एकदा येते आणि फाईलीत जाऊन बसते, मोसम मात्र दरवर्षी येऊन दारात उभा राहतो. काल सकाळी तो आलाच. शेजाऱ्याने कूलर ओट्यावर काढून त्याच्या गवताच्या ताट्या सोडल्या आणि वर्षभर कुजलेल्या गवताचा ओलसर, आंबूस वास गल्लीभर पसरला. बाजूने दहावीच्या मुली लिहिण्याचे पॅड छातीशी धरून चालल्या होत्या. एकीचे ओठ हलत होते. तिचे पाठांतर सुरू असावे. कडुनिंबाची जुनी पाने तिच्या चपलेखाली चुरत होती आणि डोक्यावर तांबूस कोवळी पालवी होती. मी चहा घेत होतो. तो तसाच ठेवून मी हा कागद पुढे ओढला.

या मोसमाचे आणि माझे जुने वाकडे आहे. आमचे घर मेंढपाळांचे. ऊन चढू लागले, की चारा आणि पाणी पाहून वडील कळप हलवीत. नववीच्या परीक्षेच्या आठवड्यात आमची मेंढरे गोदावरीच्या अंगाला पोचली होती आणि मी त्यांच्यामागे होतो. इतिहासाचा पेपर ज्या सकाळी होता, त्या सकाळी मी एका लंगड्या कोकराला खांद्यावर घेऊन ज्वारीच्या धसकटांतून चालत होतो. धसकटे पोटऱ्यांना ओरखडे काढीत होती. आता शाळेत घंटा झाली असेल, आता पेपर वाटले असतील, असे मी मनाशी म्हणत होतो. त्यानंतर मी कुठल्याही परीक्षेला बसलो नाही. माझे अक्षर मात्र चांगले होते. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका वृद्ध अर्जनवीसाने ते पाहिले आणि मला आपल्या टेबलापाशी बसवून घेतले. पुढचे सगळे त्या टेबलावर झाले.

परीक्षांच्या मोसमात माझ्यापुढे रांग लागते. कुणाच्या हॉलतिकिटावर आईचे नाव चुकलेले असते, कुणाच्या आडनावातला काना गळालेला असतो. एका मात्रेपायी मूल परीक्षेबाहेर राहू शकते, हे मी जितके पाहिले आहे तितके कुणी शिक्षकानेही पाहिले नसेल. म्हणून कागदावर कुठले नाव कुठे पडते याविषयी मी फार काटेकोर आहे. निदान तसे समजत होतो.

संगणक वर्गात मी का गेलो, ते सांगतो. “नाना, आता सगळं ऑनलाईन झालं, तुमचं काम संपलं,” असे लोक मला येताजाता ऐकवू लागले. एकाने ते हसत सांगितले. त्याच्या त्या हसण्यावर मी नाव नोंदवले. जे यंत्र मला उठवायला निघाले आहे, त्याला आज्ञा कशी देतात ते मी शिकणार, असे मी चारचौघांत जाहीर केले. नुसती बटणे दाबण्याचा वर्ग नको, प्रोग्रॅम लिहिण्याचाच हवा, असा आग्रह धरला. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी यंत्रांतून तापलेल्या प्लास्टिकचा वास येई आणि पंखा तोच वास सगळ्यांना सारखा वाटून देई. भिंतीकडेची तीन यंत्रे आम्हा वयस्करांची. पहिल्यावर आसारामबापू, मधल्यावर शमीमआपा, तिसऱ्यावर मी.

पहिल्या दिवशी घुगे सरांनी काळी खिडकी उघडून दाखवली. चित्र नाही, बटण नाही, नुसता काळा चौकोन आणि त्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. मला आमच्या शाळेतली पाटी आठवली. आपण लिहायचे आणि त्याने करायचे, एवढाच तिथला कायदा. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणणारे एक हत्यार असते, त्याला कंपायलर म्हणतात. त्याला हाक मारायची तर तो कुठल्या कप्प्यात ठेवला आहे तो सगळा पत्ता इंग्रजीत, एकही अक्षर न चुकवता लिहावा लागे. मग आपल्या फाईलचा पत्ता. मग तयार झालेला प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञा. दर वेळी हे सगळे पुन्हा. पहिला आठवडा आम्ही तिघांनी पत्ते चुकण्यात घालवला.

मग घुगे सरांनी बॅच फाईल शिकवली. रोजच्या आज्ञा एका साध्या फाईलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि त्या फाईलीवर दोनदा टिचकी मारायची. यंत्र वरून खाली एकेक ओळ वाचते आणि पाळते. मी म्हटले, हा तर अर्ज झाला. ओळीने लिहिलेले, वरून खाली वाचायचे. अर्ज मला कुणी शिकवायचा नाही. मी मराठीत लिहायला गेलो तर त्या काळ्या खिडकीत आमची देवनागरी रिकामे चौकोन होऊन उभी राहिली. ठीक आहे, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले. पहिल्या ओळीत ‘महोदय’. खाली आज्ञा. शेवटी ‘कळावे’.

यंत्राने उत्तर दिले, की ‘महोदय’ ही आतली किंवा बाहेरची कुठलीही आज्ञा म्हणून ओळखू येत नाही.

आसारामबापू खुर्चीत मागे रेलून वाचत होते. “नाना, यंत्राला अर्ज देऊन राह्यले का?” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, साहेब जेवायला गेल्ते का?”

“बापू, हसू नका,” शमीमआपा म्हणाल्या. “नानानं अदब तर केली. आपण दोघांनी तेवढीबी न्हाई केली.”

घुगे सर जवळ आले. वयाने माझ्या मुलासारखे, पण माणूस सरळ. “नाना, याला महोदय कळत न्हाई. हे फक्त आज्ञा वाचतं. तुम्हाला लिहायचंच असंल तर ओळीच्या पुढं रेम लावा. रेम लावलं की यंत्र ती ओळ सोडून देतं.”

“मग ती ओळ लिहायची कुणासाठी?”

“माणसासाठी. उद्या कुणी फाईल उघडली तर त्याला कळावं, हे काय हाये ते.”

त्या दिवशी मी घरी चालत गेलो, रिक्षा केली नाही. रेमची ओळ मनात घोळत होती. यंत्र सोडून देते आणि माणूस वाचतो, अशी ओळ. तीस वर्षे मी ‘सविनय’ लिहिले, ‘कृपावंत होऊन’ लिहिले, ‘आपला आज्ञाधारक’ लिहिले. कचेरीत अर्ज वाचणारे त्या ओळींवर नजर न टाकताच खालच्या मागणीवर जातात, हे मला ठाऊक होते. त्या सगळ्या रेमच्या ओळी होत्या. तरी मी त्या गाळल्या नाहीत आणि गाळणार नाही. समोरचा वाचो न वाचो, अर्ज करणारा माणूस कोण आहे ते त्या ओळींतच असते. आणि दुसरी गोष्ट अशी, की दुसऱ्या दिवशी माझी फाईल चालली. मी आयुष्यात प्रथमच कुणाला आज्ञा केली आणि ती तिथल्या तिथे पाळली गेली. ‘उद्या या’ नाही, ‘वर विचारतो’ नाही.

फाईलच्या शेवटी ‘पॉज’ लिहायला मात्र मी विसरलो होतो. खिडकी उघडली, उत्तर उमटले आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे नाहीसे झाले. घुगे सरांनी ती एक ओळ घातल्यावर खिडकी थांबली. कोणतीही कळ दाबा, मग पुढे जाऊ, असे सांगून ती उभी राहिली. मी कळ दाबली नाही. चांगली पाच मिनिटे त्या उत्तराकडे पाहत बसलो. कचेरीच्या ज्या खिडक्यांसमोर मी जन्म काढला, त्यांतल्या एकीलाही ही रीत माहीत नव्हती.

आता शमीमआपांविषयी. त्यांना हा वर्ग हौस म्हणून नको होता. आमच्याच भागातल्या मुलींच्या शाळेत संगणकाच्या खोलीत मदतनीस बाई हव्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंना आपा पसंत होत्या, फक्त वर्गाचे प्रमाणपत्र हवे होते. वीस वर्षे मान खाली घालून मशीन चालवल्याने त्यांच्या मानेचा मणका दुखू लागला होता आणि डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितले होते. त्या म्हणत, “नाना, सुई तर सुटली हातातून. आता हे जमलं पाहिजे.”

आणि नेमके तेच जमत नव्हते. पत्त्यात कप्प्यांच्या नावांमध्ये एक तिरपी रेघ द्यावी लागते. आपांचा हात उजवीकडून डावीकडे लिहिण्यात घडलेला. त्या रेघ उलट्या बाजूला झुकलेली देत आणि यंत्र कप्पा सापडत नाही म्हणून सांगे. दहा वेळा लिहीत, त्यातल्या सहा वेळा रेघ उलटी. “माझा हातच उलटा हाये,” असे त्या एकदा अगदी हळू म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, हात उलटा नाही, ही रेघ आपल्याकडची नाही.

बॅच फाईल शिकवली त्या दिवशी त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ये तो कागज का खाका है. मी कुर्त्याचा खाका एकदा बराबर कापते, मंग त्यावर शंभर कुर्ते निघतात. दर कुर्त्याला माप थोडंच काढते.”

त्यांनी आपला खाका स्वतः कापला. पाच ओळी. पहिलीत यंत्राला दर आज्ञा मोठ्याने परत म्हणू नको असे सांगणे, दुसरीत आपल्या कप्प्याचा पत्ता, तिसरीत कंपायलरला हाक, चौथीत प्रोग्रॅम चालवणे, पाचवीत पॉज. तिरपी रेघ कशी द्यायची ते त्यांनी शिवणाच्या खडूने हाताच्या पंजावर काढून घेतले होते. फाईल चालली तेव्हा त्यांचा पहिला प्रोग्रॅम उभा राहिला. छातीचे आणि लांबीचे माप विचारायचे आणि कुर्त्याला कापड किती लागेल ते सांगायचे. आपांनी आसारामबापूंचे माप घातले. आकडा पाहून बापू म्हणाले, “एवढं कापड? मंग मी जाडच झालो म्हणायचं.” आपा तोंडावर ओढणी धरून हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले.

घुगे सरांनी नियम आधीच सांगून ठेवला होता. “परीक्षेत बॅच फाईल चालंल. पण ज्याची त्यानं लिहिलेली पाहिजे. दुसऱ्याची निघाली तर नक्कल.”

परीक्षेच्या आदल्या दुपारी आपांनी मला त्यांची फाईल एकदा पाहायला सांगितली आणि त्या पाणी प्यायला उठल्या. मी ती उघडली. पाच ओळी, एकही चूक नाही. चूक नसलेला कागद माझ्यासमोर क्वचित येतो. मला समाधान वाटले. आणि त्या समाधानात माझ्या बोटांनी, मला न विचारता, खाली सहावी ओळ लिहिली. रेम, आणि पुढे, ‘लिहिणार : रंगनाथ खरात, अर्जनवीस’.

आमच्या धंद्यात हा रिवाज आहे. कागदाखाली मजकूर ज्याचा त्याची सही किंवा अंगठा, आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, लिहिणाऱ्याचे नाव. त्या नावाचा अर्थ एवढाच, की हा कागद माझ्या नजरेखालून गेला आहे आणि काही विचारायचे असेल तर मी इथे बसलेला आहे. तीस वर्षे माझ्या हातून एकही कागद त्या ओळीशिवाय गेलेला नाही. मी फाईल जतन करून बंद केली. आपा परत आल्या, त्यांनी टिचकी मारली, फाईल बरोबर चालली. रेमची ओळ चालताना दिसत नाही. ती फाईल उघडणाऱ्यालाच दिसते.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षकांनी उघडली. मोसंबीच्या बहराचा वास खिडकीतून वरपर्यंत येत होता. खालच्या रसवंतीवाल्याने कुणाच्या बागेतली फुललेली फांदी दुकानावर खोवली होती. आपांचा प्रोग्रॅम चालून झाला होता आणि उत्तर बरोबर आले होते. परीक्षक पडद्याकडे वाकले.

“हे रंगनाथ खरात कोण?”

मी उभा राहिलो. खरे सांगायचे ठरवले आहे म्हणून सांगतो, मी छाती काढून उभा राहिलो. माझे नाव इतक्या मोठ्याने त्या खोलीत कुणी घेतले नव्हते. “मीच,” मी म्हणालो.

“ही फाईल तुम्ही लिहिली?”

“नाही. फाईल यांची. ते नुसते लिहिणाऱ्याचे नाव आहे.”

“म्हणजे लिहिली तुम्ही.”

“नाही साहेब. लिहिणार म्हणजे…” आणि मी तो रिवाज सांगू लागलो. घुगे सर उठून म्हणाले, “सर, मी डोळ्यांनी पाह्यलंय, त्यांनीच लिहिली. तुम्ही कोरी फाईल द्या, त्या आत्ता लिहून दाखवतील.” परीक्षकांनी हात वर केला. “फाईलीत नाव आहे. मी नावाला धरून चालणार,” ते म्हणाले. हेच वाक्य मी माझ्या टेबलावर बसून कितीतरी गरिबांना ऐकवले आहे. नावाला धरून चालतात बाबा, तू तोंडाने काय सांगतोस त्याला कोण विचारतो. ते वाक्य समोरून अंगावर आले तेव्हा ते किती निगरगट्ट आहे ते मला कळले. आपांच्या नावापुढे ‘नक्कल’ असा शेरा पडला. व्यवस्थापकांनी त्याच दिवशी सांगितले, की हा शेरा पडलेल्याला या वर्गाच्या परीक्षेला पुन्हा बसता येत नाही.

जिन्यात आपा थांबल्या होत्या. पत्रा तडतडत होता. “नाना, तुम्ही माझ्या फाईलला हात का लावला?”

“सवय,” मी म्हणालो.

“सवय तुमची. नापास मी.”

आसारामबापू दोन पायऱ्या वर होते. ते उतरून आपांच्या बाजूला उभे राहिले. मी म्हणालो, आत्ता अर्ज लिहितो, वरपर्यंत जातो, असा अर्ज लिहितो की… आपांनी मला तिथेच तोडले. “न्हाई. तुम्ही बिलकुल लिहू नका. माझा अर्ज मी लिहीन.”

त्यांनी लिहिला. मराठीत, स्वतःच्या हाताने, चार वेळा कागद बदलून. मला दाखवला नाही. तो आजतागायत वर्गाच्या कपाटात आहे आणि उत्तर नाही. घुगे सरांनी लेखी सांगितले, की फाईल आपांचीच. तो कागदही त्याच कपाटात. मुलींच्या शाळेने एक वर्ष दुसऱ्या बाईंवर निभावले. त्या बाई आता सोडून चालल्या आहेत आणि मुख्याध्यापिकाबाईंनी आपांना कळवले आहे, की शाळा उघडेपर्यंत जागा ठेवते, त्यापुढे नाही. आपा मान बांधून अजून मशीनवर बसतात. त्यांच्या घरावरून जाताना मशीनचा आवाज येतो, मधूनच थांबतो, आणि तो का थांबला हे मला माहीत असते.

म्हणून हा अर्ज नव्हे. अर्ज त्यांचा आहे आणि तो पुरेसा आहे. हा माझा जबाब आहे. मी चुकलो हे मी मान्य करतो, पण मी चुकलो म्हणून त्या खोट्या ठरतात, हे मी मान्य करत नाही. ज्या ओळीकडे यंत्राने स्वतः ढुंकून पाहिले नाही, तिच्यावरून तुम्ही एका बाईचे वर्ष घेतले. वरच्या पाच ओळी तुमच्या डोळ्यांदेखत चालल्या, त्यांचे उत्तर पडद्यावर थांबून उभे होते, ते तुम्ही वाचले नाही. मला सांगतात, नाना, आता जाऊ द्या, वर्ष झाले. मी जाऊ देणार नाही. नववीचा पेपर मी जाऊ दिला होता, तेव्हा मला बोलता येत नव्हते. आता येते.

तरी व्यवस्थापकांनी पुढील गोष्टी कराव्यात. शमीम बानो यांच्या नावापुढचा शेरा खोडून तो माझ्या नावापुढे लिहावा, माझी हरकत नाही. याच मोसमात, शाळा उघडण्याच्या आत, त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी. त्यांना कोरी फाईल द्यावी आणि त्या पहिले अक्षर लिहीत असल्यापासून परीक्षकांनी खुर्ची ओढून शेजारी बसावे. घुगे सर आणि आसारामबापू साक्षीला येतील. मी त्या दिवशी तुमच्या जिन्याची पायरी चढणार नाही. शमीम बानो यांच्या अर्जाला लेखी उत्तर द्यावे आणि ते त्यांच्या नावाने, त्यांच्या घरी पाठवावे. माझ्या नावाने आलेले उत्तर मी घेणार नाही.